हेंडरसन फील्डचं टाइमटेबल: ग्वाडलकॅनाल, १३ ते १५ ऑक्टोबर १९४२

पॅसिफिकमधलं युद्ध म्हटलं की पर्ल हार्बर, मिडवे आणि मग थेट हिरोशिमा, मधलं सगळं आपण उडी मारून टाकतो. मला मात्र त्या मधल्या भागातलं रोजचं रहाटगाडगं जास्त इंटरेस्टिंग वाटतं, म्हणजे सकाळी कोण उडालं, दुपारी कोण आलं, रात्री कोणत्या बोटी आल्या आणि पहाटे कुठपर्यंत पळाल्या. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकॅनाल बेटाभोवतीच्या त्याच समुद्राचा मालक दर बारा तासांनी बदलत होता. उजाडलं की अमेरिकेचा, अंधार पडला की जपानचा. हे असं का होतं आणि एका रात्री हे गणित मोडलं तेव्हा नेमकं काय झालं, ते बघायला १३ ते १५ ऑक्टोबरचे तीन दिवस घेतलेत, कारण घड्याळ बंद पडतं तेव्हाच ते आतून कसं चालतं ते कळतं.

आधी पार्श्वभूमी, पटकन. सॉलोमन बेटांमधलं ग्वाडलकॅनाल, तिथे लुंगा नदीजवळ जपानी लोक विमानतळ बांधत होते, तो पूर्ण व्हायच्या आत ७ ऑगस्टला अमेरिकन जनरल व्हँडेग्रिफ्टच्या पहिल्या मरीन डिव्हिजनने (मरीन म्हणजे समुद्रातून उतरून लढणारं, लष्करापेक्षा वेगळं दल) उतरून दुसऱ्या दिवशी ताब्यात घेतला. जपान्यांचेच रोड रोलर, ट्रक, तांदूळ वापरून त्यांनी तो पूर्ण केला आणि मिडवेच्या लढाईत मेलेल्या मेजर लॉफ्टन हेंडरसनचं नाव दिलं. २० ऑगस्टला पहिली विमानं आली, १९ वाइल्डकॅट फायटर आणि १२ डाँटलेस डाइव्ह बॉम्बर, बास. बेटाचं सांकेतिक नाव ‘कॅक्टस’, म्हणून ही मंडळी झाली कॅक्टस एअर फोर्स. हा विमानतळ म्हणजे मातीची पट्टी, त्यावर भोकं पाडलेल्या स्टीलच्या पट्ट्या अंथरायचं काम अर्धवट, ऊन पडलं की धूळ आणि पाऊस आला की चिखल, शिवाय मलेरिया आणि हगवण.

आता टाइमटेबल. जपानचा मोठा एअर बेस राबौलला, तिथून ग्वाडलकॅनाल हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबईहून निघून जयपूर ओलांडून पुढे जायचं, बॉम्ब टाकायचे आणि न थांबता परत यायचं. त्यामुळे बॉम्बर आणि झीरो फायटर सकाळी निघाले की भर दुपारी बाराच्या आसपास पोचायचे, लवकर पोचायचं तर रात्री टेकऑफ आणि उशिरा पोचायचं तर परतीला अंधार, मग राहिली ती दुपारच. इतकं ठरलेलं की मरीन लोक जेवणाच्या वेळेआधी वर बघायला लागायचे. झीरोला बेटावर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लढता यायचं, मग इंधनाची चिंता. जखमी पायलट असेल तर परत चार तास सीटवर बसून राबौल गाठायचं, सगळ्यांना जमायचं नाही, कित्येक वाटेतच समुद्रात गेले.

आणि त्यांची वाट होती बेटांच्या रांगेवरून. बूगनव्हिल बेटाच्या जंगलात ऑस्ट्रेलियन नेव्हीचे कोस्टवॉचर लपून बसलेले, दक्षिणेला पॉल मेसन, उत्तरेला जॅक रीड. डोक्यावरून विमानं गेली की किती, कोणत्या जातीची, कुठल्या दिशेने हे रेडिओवर सांगायचे. विमानं हेंडरसनला पोचायच्या आधी जवळजवळ दोन तासांची सूचना मिळायची. हे दोन तास सोन्याच्या मोलाचे, कारण वाइल्डकॅट चढायला जड, तीस हजार फुटांच्या आसपास पोचायला पाऊण तास लागायचा. वर पोचला तर तो वरून एकदा झडप घालून खाली निघून जाऊ शकतो, झीरोशी गोल गोल फिरत लढायला गेला तर मेलाच. म्हणजे सगळा खेळ उंचीचा, आणि उंची मिळायची वेळेमुळे. सूचना उशिरा आली की त्या दिवशी बॉम्ब खायचे.

रात्रीची बाजू उलटी. सुरुवातीला हेंडरसनवरच्या विमानांना रात्री बोटी शोधून मारणं जवळपास अशक्यच होतं, आणि रात्रीच्या समुद्री लढाईत जपानी नेव्ही त्या काळात फार तयार होती, ८-९ ऑगस्टच्या रात्री सावो बेटाजवळ जपानी अॅडमिरल मिकावाने चार क्रूझर (मोठ्या युद्धनौका) बुडवून ते दाखवून दिलेलं. त्यामुळे जपानी सैन्य आणि सामान रात्री डेस्ट्रॉयरने, म्हणजे वेगवान छोट्या युद्धनौकांनी यायचं. बूगनव्हिलजवळच्या शॉर्टलंड बेटांवरून दुपारी निघायचं, ते अंतर तीनशे सागरी मैलांच्या आसपास. डाँटलेसचा बॉम्ब घेऊन जाण्याचा पल्ला साधारण दोनशे, म्हणजे हेंडरसनभोवती दोनशे मैलांचं एक वर्तुळच. म्हणजे संध्याकाळपर्यंत त्या वर्तुळाच्या काठाबाहेर रेंगाळायचं, सूर्य मावळायला आला की तीस नॉटचा वेग पकडायचा, मध्यरात्रीच्या आसपास बेटावर पोचायचं, माणसं उतरवायची, जाता जाता विमानतळावर चार गोळे टाकायचे आणि दोन-तीन वाजता सुटायचं, उजाडेपर्यंत शंभर-सव्वाशे मैल लांब. अमेरिकन लोक याला टोकियो एक्सप्रेस म्हणायचे, जपानी नौसैनिक स्वतः ‘उंदीर वाहतूक’ म्हणायचे, ज्यातून त्यांना या कामाबद्दल काय वाटत होतं ते कळतंच.

टाइमटेबल मोडलं की काय होतं याचा धडा जपानला २८ ऑगस्टलाच मिळालेला. डेस्ट्रॉयरचा एक गट दिवसाउजेडीच वर्तुळात शिरला, हेंडरसनच्या डाइव्ह बॉम्बरनी ‘असागिरी’ बुडवली आणि आणखी दोन जबर जखमी केल्या. त्यानंतर कोणी शहाणा कमांडर उजेडात यायला तयार नव्हता.

पण इथेच घोडं पेंड खातं. डेस्ट्रॉयर म्हणजे मालवाहू बोट नाही. एकीवर दीडशे माणसं आणि थोडं सामान, जड तोफा नाहीत, रणगाडे नाहीत, महिनाभर पुरेल एवढा तांदूळ नाही. ते सगळं आणायचं तर मोठी मालवाहू जहाजं पाहिजेत, आणि ती चालणार दहा-बारा-चौदा नॉटने. म्हणजे दोनशे मैलांचं ते वर्तुळ पार करायला त्यांना एक रात्र पुरत नाही, त्यात उतरवायला पुन्हा तास लागणार. म्हणजे एवढ्या जहाजांना दिवसा, विमानांच्या नाकाखाली, वर्तुळात राहावंच लागणार. माझ्या मते पूर्ण मोहिमेचा गाभा हाच आहे, बाकी शौर्य वगैरे दोन्ही बाजूंनी भरपूर होतं पण अंतर भागिले वेग हे कोणाला चुकलं नाही.

मग ऑक्टोबरमध्ये जपानने ठरवलं की वर्तुळच पुसून टाकायचं. जपानी जनरल ह्याकुताके स्वतः बेटावर आलेला, मोठा हल्ला करायचा होता, त्यासाठी सहा वेगवान मालवाहू जहाजं पाठवायची. ती जाण्याआधी विमानतळ बंद पाडायचा आणि तो पाडायला नेहमीचे डेस्ट्रॉयर नाहीत, तर चौदा इंची तोफांच्या दोन बॅटलशिप, ‘कोंगो’ आणि ‘हारुना’.

११-१२ ऑक्टोबरच्या रात्री केप एस्पेरन्सला लढाई झाली, अमेरिकन अॅडमिरल नॉर्मन स्कॉटने जपानचा क्रूझर ‘फुरुताका’ आणि डेस्ट्रॉयर ‘फुबुकी’ बुडवला, जपानी अॅडमिरल गोतो मेला. अमेरिकेत आनंदीआनंद. पण त्याच रात्री बाजूने ‘निश्शिन’ आणि ‘चितोसे’ या दोन बोटी शांतपणे जड तोफा उतरवून निघून गेल्या, याकडे लक्ष द्या, पुढे लागणार आहे.

१३ तारीख. सकाळी अमेरिकेची १६४वी इन्फन्ट्री रेजिमेंट बेटावर उतरत होती, नॉर्थ डकोटाचे नॅशनल गार्डवाले, बेटावर आलेले अमेरिकेच्या लष्कराचे पहिले पायदळ. दुपारी राबौलचे बॉम्बर आले आणि त्या दिवशी नेमकी सूचना वेळेत मिळाली नाही. वाइल्डकॅट धडपडत चढत होते तोवर बॉम्ब पडले, धावपट्टीवर खड्डे आणि पाच हजार गॅलन विमानाचं पेट्रोल जळालं. थोड्या वेळाने दुसरी लाट आली, तेव्हा बरीचशी विमानं खाली इंधन भरत होती. संध्याकाळी जंगलातून १५० मिमीच्या हॉवित्झर सुरू झाल्या, म्हणजे ११-१२ च्या रात्री उतरलेल्या तोफा, आणि त्या धावपट्टीवर थांबून थांबून गोळे टाकायला लागल्या. मरीननी त्या तोफांना ‘पिस्टल पीट’ नाव ठेवलं. तोपर्यंत धावपट्टीला रात्री बोटींची आणि दुपारी विमानांची सवय होती, आता चोवीस तासांत कधीही गोळा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, आणि खरा तेरावा अजून यायचा होता.

रात्री दीडच्या सुमारास वरून एका जपानी फ्लोटप्लेनने फ्लेअर सोडले आणि अॅडमिरल कुरिता ताकेओच्या दोन्ही बॅटलशिपनी १ वाजून ३३ मिनिटांनी गोळीबार सुरू केला. (जपानी नोंदींमध्ये हाच प्रकार १३ तारखेला रात्री ११:३३ ला दिसतो, कारण त्यांची नेव्ही जगात कुठेही गेली तरी टोकियोचं घड्याळ चालवायची, दोन्ही बाजूंचे लॉग शेजारी ठेवून वाचताना हे विसरलं तर डोकं गरगरतं.) जवळजवळ ऐंशी मिनिटं, ९७३ गोळे. आधी पश्चिमेकडून पूर्वेकडे जात, मग वळून परत येत. त्यातल्या काही गोळ्यांमध्ये खास आग लावणारे तुकडे भरलेले, मुळात विमानं पाडायला बनवलेले ते, फुटले की जळते तुकडे मोठ्या परिसरात पसरायचे. खंदकात बसलेल्या लोकांच्या अंगावर भिंती कोसळत होत्या, जमीन इतकी हादरत होती की उभं राहता येत नव्हतं, आणि नारळाच्या बागेत ठेवलेले पेट्रोलचे ड्रम एकापाठोपाठ एक पेटत होते. जवळच्या तुलागी बेटावरून चार छोट्या पीटी बोटी, ज्या एक-दोन दिवसांपूर्वीच आलेल्या, बॅटलशिपवर टॉर्पेडो घेऊन धावल्या. लागलं काही नाही, पण हिंमत बघा. ४१ माणसं मेली, त्यात सहा पायलट, एका डाइव्ह बॉम्बर स्क्वाड्रनचा प्रमुख सुद्धा.

सकाळी हिशेब झाला तो असा. ९० विमानांपैकी ४८ खलास. आदल्या दिवशी तीसच्या वर डाँटलेस उडू शकत होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुख्य धावपट्टी चाळण. पेट्रोल जवळजवळ संपलं. बेटावर आलेले मोठे बी-१७ बॉम्बर होते ते कसेबसे उडून एस्पिरितु सांतोला, म्हणजे मागच्या अमेरिकन तळावर, परत गेले कारण इथे त्यांना पाजायला थेंब नव्हता. एअर कमांडर होता जनरल रॉय गायगर, ५७ वर्षांचा, सप्टेंबरमध्ये स्वतः डाँटलेस घेऊन बॉम्ब टाकून आलेला, असा माणूस. धावपट्टीशेजारी टेकाडावर जपान्यांनी बांधलेली एक इमारत होती, तिला सगळे ‘पॅगोडा’ म्हणायचे, त्याचं हेडक्वार्टर तिथेच, हवाई हल्ल्याचा काळा झेंडा तिथेच चढायचा. जपानी तोफांना नेम धरायला ती फार सोयीची खूण होती, म्हणून गायगरने ती बुलडोझर लावून पाडून टाकली.

आता यातून अमेरिका तरली कशी. तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही दिसायला अगदी बिनग्लॅमरच्या.

पहिली, दुसरी पट्टी. मुख्य धावपट्टीपासून दीडेक किलोमीटर पूर्वेला सप्टेंबरमध्ये ‘फायटर वन’ नावाची एक गवताची पट्टी सुरू झालेली, गायरान म्हणावं अशी. कुरिताचे गोळे होते मुख्य विमानतळासाठी, फायटर वन बऱ्यापैकी वाचली, म्हणून १४ तारखेला वाइल्डकॅट उडू शकले.

दुसरी, खड्डे बुजवणारे लोक. नेव्हीची सहावी कन्स्ट्रक्शन बटालियन, ज्यांना सीबीज म्हणतात, १ सप्टेंबरपासून इथे होती. त्यांनी आधीच मोजून ठेवलेलं की पाचशे पौंडी बॉम्बचा खड्डा भरायला किती वाळू-खडी लागते, तेवढा माल भरून ट्रक धावपट्टीकडेला झाडाखाली उभे असायचे, स्टीलच्या पट्ट्यांचे गठ्ठे तयार. बॉम्बर डोक्यावरून गेले की हे पळत सुटायचे, वाकडी पट्टी उचकटायची, खड्डा भरायचा, ठोकायचा, नवी पट्टी टाकायची. शंभर माणसं चाळीस मिनिटांत एक खड्डा सपाट करायची. विमानं वर घिरट्या घालत उतरायची वाट बघतायत, पेट्रोल संपत आलंय, आणि खाली हे लोक हॉवित्झरचे गोळे पडत असताना फावडी मारतायत. या लोकांवर फार कोणी लिहीत नाही, मला तर पायलटांच्या बरोबरीचे वाटतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पेट्रोल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण आडाच्या आजूबाजूला बरंच सापडलं. पडलेल्या मोडक्या बी-१७ च्या टाक्या उपसल्या. आधी कधीतरी दलदलीत, झाडीत लपवून ठेवलेले आणि मग विसरलेले ड्रम शोधून काढले, ते चारशेच्या वर निघाले. पाठीमागून सी-४७ मालवाहू विमानं एस्पिरितु सांतोहून ड्रम आणायला लागली, एका विमानात बारा ड्रम. बारा ड्रम म्हणजे बारा वाइल्डकॅट एक तास हवेत. हा हिशेब डोक्यात ठेवा, म्हणजे एक मालवाहू विमान झीरोंच्या भीतीत हजारेक किलोमीटर समुद्र ओलांडून आलं आणि बदल्यात मिळाला एका स्क्वाड्रनचा एक तास. युद्ध या पातळीवर आलेलं.

१४ तारखेला दुपारी जपानी बॉम्बर आले तेव्हा पहिल्या लाटेला अडवायला वर कोणी नव्हतं. आणि संध्याकाळच्या टेहळणीत सहा मालवाहू जहाजं येताना दिसली. वर्तुळात, उजेडात, आरामात. गायगरने गोळा करून छोट्या दोन तुकड्या पाठवल्या, त्यांना काही विशेष करता आलं नाही. जपानचं गणित इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आलं. त्या रात्री मिकावा स्वतः ‘चोकाई’ आणि ‘किनुगासा’ घेऊन आला, आठ इंची ७५२ गोळे टाकून गेला, आणि सहाही जहाजं तासाफारोंगाच्या किनाऱ्याला लागली.

१५ तारखेची सकाळ. धावपट्टीवरून पश्चिमेकडे बघितलं की पंधरा-सोळा किलोमीटरवर शत्रूची जहाजं बिनधास्त सामान उतरवताना साध्या डोळ्यांनी दिसतायत, वर झीरो गस्त घालतायत. हातातोंडाशी आलेला घास जपान्यांनी नुसता उचलायचा बाकी. मरीन लोकांचा तळतळाट किती झाला असेल.

पण मधल्या रात्रीत काही डाँटलेस जोडजाड करून उभे केले होते. पहाटे अंधारात सरकताना त्यातलं विमान गोळ्याच्या खड्ड्यात कोसळणं वगैरे प्रकार झाले, तरी एक-दोन करत ती उडाली. मोठा हल्ला जमवायला विमानंच नव्हती त्यामुळे जो तयार झाला तो गेला, बॉम्ब टाकला, दहा मिनिटांत परत, पुन्हा बॉम्ब, पुन्हा गेला. अंतर इतकं कमी होतं की थोडं पेट्रोल सुद्धा पुरत होतं, हे जपानी प्लॅनिंगमध्ये कोणाच्या लक्षात आलं नसावं. वाइल्डकॅट मशीनगन मारत होते, जुनाट पी-४०० फायटर सुद्धा गेले, एस्पिरितु सांतोहून बी-१७ आले.

आणि मग मेजर जॅक क्रॅम. हा गायगरचा वैयक्तिक पायलट, त्याच्याकडे गायगरचं कॅटलिना, ‘ब्लू गूज’ नावाचं, म्हणजे संथ, अवजड फ्लाइंग बोट, तिच्या पंखाखाली दोन टॉर्पेडो, जे ते एस्पिरितु सांतोहून डिलिव्हरीसाठी घेऊन आलेलं. टॉर्पेडो विमान उडायच्या अवस्थेत नव्हतं. क्रॅम म्हणाला मीच टाकतो. टॉर्पेडो टाकायचं ट्रेनिंग त्याला कधी मिळालेलं नव्हतं, कॅटलिनाला ज्या वेगाची सवय त्याच्या कितीतरी वर तो डाइव्ह मारून जहाजांच्या रांगेत शिरला, दोन्ही टॉर्पेडो सोडले आणि झीरो मागे लागलेले असताना झाडांच्या शेंड्यांवरून पळत फायटर वनकडे आला. तिथे चाकं खाली सोडून उतरायला निघालेल्या एका वाइल्डकॅटने त्याच्या मागच्या झीरोला उडवलं. गायगरने आपलं विमान चाळण केल्याबद्दल कोर्ट मार्शलची धमकी दिली म्हणतात, नंतर क्रॅमला नेव्ही क्रॉस मिळाला. ही गोष्ट सिनेमासारखी वाटते म्हणून सगळे तीच सांगतात, पण जहाजं मोडली ती दिवसभराच्या चिवट फेऱ्यांनी.

संध्याकाळपर्यंत सहापैकी तीन जहाजं, ‘आझुमासान मारू’, ‘क्यूशू मारू’ आणि ‘सासाको मारू’, पेटलेल्या अवस्थेत किनाऱ्यावर चढवावी लागली. उरलेली तीन उत्तरेकडे पळाली, पूर्ण न उतरवता. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक मात्र उतरले, बराच तांदूळ आणि दारूगोळा पण. तो माल किनाऱ्यावर ढीग करून ठेवलेला, १७ तारखेला ‘आरन वॉर्ड’ आणि ‘लार्डनर’ या दोन अमेरिकन डेस्ट्रॉयरनी दिवसाउजेडी येऊन त्यावर गोळे टाकले आणि बराचसा जाळला. दिवस अमेरिकेचा, म्हणून.

अमेरिकेला पण सोपं नव्हतं. पेट्रोलचे बार्ज ओढून आणणाऱ्या ताफ्यातली डेस्ट्रॉयर ‘मेरेडिथ’ १५ तारखेलाच जपानी विमानवाहू नौकेच्या विमानांनी बुडवली. १६ तारखेला ‘मॅकफार्लंड’ चाळीस हजार गॅलन घेऊन पोचली, उतरवता उतरवता डाइव्ह बॉम्बरनी गाठली, पेट्रोलचा बार्ज पेटला. त्याच क्षणी लेफ्टनंट कर्नल हॅरल्ड बाउअर आपली नवी स्क्वाड्रन घेऊन एस्पिरितु सांतोहून येत होता, टाक्या जवळजवळ रिकाम्या, तरी एकटाच त्या बॉम्बरच्या मागे गेला आणि त्याच्या नावावर चार लागले. १८ तारखेला वरिष्ठ पातळीवर या भागाचा अमेरिकन प्रमुख अॅडमिरल गॉर्मलीला काढून त्याच्या जागी हॉल्सीला आणलं.

आता माझं मत. बरेच लोक म्हणतात की जपान थोडक्यात हुकला, अजून एक बॅटलशिपची रात्र झाली असती तर संपलं होतं. मला हे अर्धंच पटतं. कुरिताने जे केलं त्याची एक्सपायरी डेट होती. आगीचे लोळ बघून जपानी बाजूने धरलं की विमानतळ संपला, पण त्यांनी विमानं आणि पेट्रोल जाळलं होतं, माणसं आणि पट्टी नाही. पट्टी चाळीस मिनिटांच्या हप्त्यांनी परत येते, मेकॅनिक दोन मोडक्या विमानांचं एक करतात, पेट्रोल बारा-बारा ड्रमने येतं. म्हणजे कुरिताने विकत घेतले ते जास्तीत जास्त तीस-पस्तीस तास. सहा जहाजं पूर्ण रिकामी करून परत वर्तुळाबाहेर जायला त्याहून जास्त वेळ लागत होता. त्या रात्रीनंतर पुढच्या दोन्ही रात्री क्रूझर आले, आठ इंचीच्या गोळ्यांनी त्रास झाला, पण चौदा इंचीचा परिणाम नाही. बॅटलशिप परत का पाठवल्या नाहीत, तर तेलाचा खर्च आणि दिवसा वर्तुळात सापडायची भीती. ती भीती खरी होती हे पुढच्याच महिन्यात दिसलं.

त्याआधी २५ ऑक्टोबरची एक गंमत, म्हणजे जपान्यांसाठी गंमत नव्हे. ह्याकुताकेचा मोठा हल्ला २३ पासून सुरू झाला, २४-२५ च्या रात्री त्याच्या बाजूने विमानतळ जिंकल्याचा संदेश गेला, जो साफ खोटा निघाला. त्यावर विसंबून जपानी बोटी सकाळी उजेडात आल्या. पावसाने फायटर वनचा चिखल झालेला, सकाळी विमानं अडकून पडलेली, म्हणून तासभर जपान्यांचं निभावलं, एक अमेरिकन टग वगैरे बुडवली. मग ऊन पडलं, पट्टी वाळली, आणि डाइव्ह बॉम्बरनी लाइट क्रूझर ‘युरा’ गाठून इतकी मोडली की तिला शेवटी जपान्यांनाच बुडवावं लागलं. एक चुकीचा संदेश, टाइमटेबल मोडलं, एक क्रूझर गेला.

नोव्हेंबरमध्ये जपानने ऑक्टोबरचाच प्रयोग मोठ्या स्केलवर केला. बॅटलशिप ‘हिएइ’ आणि ‘किरिशिमा’ने विमानतळ जाळायचा, मागून अॅडमिरल तानाका राइझोने अकरा मालवाहू जहाजं आणायची. १२-१३ च्या रात्री कॅलॅहन आणि स्कॉट हे दोन अमेरिकन अॅडमिरल आपले क्रूझर-डेस्ट्रॉयर घेऊन अंधारात त्यांच्या अंगावर गेले, दोघेही मेले, बोटींची वाट लागली, पण विमानतळावर गोळीबार झाला नाही. आणि ‘हिएइ’चं सुकाणू निकामी झालं, उजाडलं तेव्हा ती सावोजवळच घुटमळत होती. हेंडरसनची विमानं दिवसभर येत राहिली, संध्याकाळनंतर ती बुडाली. पुढच्या रात्री दोन क्रूझरनी गोळे टाकले, दीडेक डझन विमानं गेली, पण सकाळी पट्टी चालू होती. १४ नोव्हेंबरला अकरापैकी सात जहाजं समुद्रातच संपली किंवा निकामी झाली, उरलेली चार तानाकाने रात्री तासाफारोंगाला जाऊन किनाऱ्यावर चढवली आणि तीही सकाळी जाळली गेली. तीच जागा, तोच विमानतळ, तेच वर्तुळ, फरक फक्त आदल्या रात्रीचा.

त्यानंतर जपानने मोठी जहाजं पाठवायचा नादच सोडला. ड्रममध्ये तांदूळ भरून, दोरीने बांधून, डेस्ट्रॉयरवरून समुद्रात लोटायचे आणि किनाऱ्यावरच्या उपाशी सैनिकांनी ओढून घ्यायचे, ३ डिसेंबरला असे १,५०० ड्रम टाकले त्यातले ३१० हाती लागले, बाकीचे सकाळी विमानांनी आणि बोटींनी भोकं पाडून बुडवले. फेब्रुवारी १९४३ मध्ये तीन रात्रींत डेस्ट्रॉयर येऊन दहा हजारांच्या वर माणसं घेऊन गेले, तेच संध्याकाळी निघणं, मध्यरात्री पोचणं, पहाटे पळणं. फेऱ्या इतक्या ओळखीच्या होत्या की अमेरिकनांना वाटलं नवी कुमक येतेय, बेट रिकामं झाल्याचं त्यांना ९ फेब्रुवारीला कळलं.